चंचीतले पाते

आदिलाबाद जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर, पैनगंगेच्या अलीकडे बेला हे गाव आहे. जैनथच्या लक्ष्मीनारायणाचे दर्शन घेऊन आलेल्या वाचकांस हा मुलूख आठवत असेल. जैनथच्या शेजारचेच हे मंडल. काळी जमीन, कापसाचे पीक, आणि नदी ओलांडली की महाराष्ट्र. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा याच जिल्ह्यातील किनवट-राजुऱ्याकडील मराठी मुलूख मुंबई राज्यात गेला. बेला निझामाच्या राज्यातून निघून आंध्र प्रदेशात राहिले आणि २०१४ पासून तेलंगणात आले. घरात मराठी, कचेरीत तेलुगू, आणि जुन्या कागदांत उर्दू, अशी येथील स्थिती.

अशा सीमेवरच्या मुलखाचा इतिहास बहुधा राजवटींच्या नावांनी सांगितला जातो. अमुक सुभा, अमुक जहागीर, अमुक साली अमुक करार. तो इतिहास खोटा नव्हे. परंतु घरोघरच्या माणसाच्या अंगावर रोज काय असे, हे त्यातून कळत नाही. आम्ही येथे एक अगदी लहान वस्तू हाती घेणार आहोत. ती म्हणजे माणूस नित्य जवळ बाळगीत असे ते चार बोटांचे पाते : चाकू, आणि त्याहून अधिक घरोघर असलेला अडकित्ता.

जवळ बाळगणे म्हणजे कोठे, हा पहिला प्रश्न. आज आपण खिशातला चाकू असे सहज म्हणतो; पण धोतर, उपरणे आणि बाराबंदी या पोशाखात आजच्यासारख्या खिशास जागा कोठची? ‘खिसा’ हा शब्दच आपल्याकडे फारसीतून आला. जुना माणूस पैसा कनवटीस लावी आणि बाकीचा संसार चंचीत ठेवी. चंची म्हणजे कापडाची, अनेक कप्प्यांची, दोरीने आवळावयाची पिशवी. तीत पाने, सुपारी, कात, चुन्याची डबी, तंबाखू, आणि या सर्वांच्या जोडीला अडकित्ता. कारकुनाची गोष्ट थोडी निराळी. त्याचे पाते चंचीत नसून कलमदानात असे.

या कारकुनाच्या चाकूविषयी प्रथम दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण त्याच्यावाचून मराठ्यांचा इतिहासच लिहिला गेला नसता. मोडी लिहावयाची ती बोरूने. बोरू म्हणजे वेताच्या जातीची पोकळ काडी. तिचे टोक तिरपे तासून मध्ये एक बारीक चीर द्यावयाची, म्हणजे शाई त्या चिरेतून उतरते. चार पाने लिहून झाली की टोक बोथट होते, अक्षर पसरू लागते, आणि बोरू पुन्हा तासावा लागतो. म्हणून दौत, बोरू आणि वाळूची डबी यांच्याबरोबर चाकू हा ठरलेलाच. फारसीत त्यास कलमतराश, म्हणजे कलम तासणारा, असे नाव आहे; ‘चाकू’ हा शब्दही फारसी-तुर्कीतूनच आपल्याकडे आला. ‘सुरी’ मात्र घरची, संस्कृत छुरिकेची लेक. पुण्याच्या पेशवे दप्तरात सुमारे ३९ हजार रुमाल बांधून ठेवलेले आहेत. त्यांतील निवडक कागद गोविंद सखाराम सरदेसाई यांनी ४५ खंडांत छापविले, तेव्हा त्या लढायांची व तहांची सर्वत्र वाखाणणी झाली. त्या सर्व कागदांमागे किती हजार वेळा चाकूचे पाते बोरूवरून फिरले असेल, याचा विचार कोणी केल्याचे आमच्या वाचनात नाही. पुढे टाक आला, झरणी आली, आणि कारकुनाचा चाकू पेन्सिलीपुरता उरला.

आता पात्याच्या लोखंडाविषयी. बेल्याच्या वाचकांस आपल्या दारचा हा इतिहास अभिमानाचा वाटावा असाच आहे. आदिलाबादच्या दक्षिणेस निर्मळ, आणि गोदावरी ओलांडून पलीकडे, आजच्या निझामाबाद जिल्ह्यात, कोनसमुद्रम नावाचे गाव आहे. त्रिकोणमितीय सर्वेक्षणाबरोबर हिंडणारा हेन्री व्हॉयसी हा वैद्य व भूगर्भज्ञ तेथे गेला होता. तो १८२४ साली वारला, आणि त्याचे टिपण १८३२ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोन निरनिराळ्या ठिकाणचे लोखंड एकत्र करून ते मातीच्या मुशीत घालावयाचे, तोंड मातीने बंद करावयाचे, आणि रात्रंदिवस भात्याची आच द्यावयाची, अशी तेथील पोलादाची कृती त्याने लिहून ठेवली आहे. हे पोलाद विकत घेण्यासाठी थेट इराणातील इस्फहानचा व्यापारी त्या खेड्यात येऊन राहिलेला त्यास भेटला. ज्या तलवारींना जग दमास्कसच्या म्हणून ओळखते, त्यांच्या पोलादाचा एक उगम हा असा गोदावरीच्या खोऱ्यात आहे. तेलुगूत व कन्नडात पोलादास ‘उक्कु’ म्हणतात, आणि युरोपीय ग्रंथांतील ‘वूट्झ’ हा शब्द त्याचाच अपभ्रंश मानला जातो. आपला ‘पोलाद’ हा शब्द फारसी. म्हणजे माल येथून इराणात गेला आणि त्याचे नाव इराणातून आपल्या भाषेत आले!

२०१० साली बंगळूरची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ॲडव्हान्स्ड स्टडीज आणि इंग्लंडातील एक्झेटर विद्यापीठ यांच्या अभ्यासकांनी उत्तर तेलंगणाची पाहणी केली. तीत आदिलाबाद जिल्हाही होता. लोखंड गाळल्यावर उरणाऱ्या मळीचे ढीग त्यांना शेकडो जागी आढळले. एवढ्या भट्ट्या केवळ तलवारींसाठी पेटत नव्हत्या हे उघड आहे. उंची पोलाद व्यापाऱ्याने नेले. साधे लोखंड गावच्या लोहाराच्या ऐरणीवर आले, आणि त्याचे फाळ, विळे, खुरपी, सुऱ्या व अडकित्ते झाले. या गावठी भट्ट्या पुढे विझल्या, कारण विलायती लोखंड स्वस्त पडू लागले आणि कोळशासाठी लागणारे रानही दुर्मिळ झाले. त्यानंतरच्या काळात गावोगाव हिंडणारे घिसाडी मोटारीच्या कमानीचे जुने पाटे तापवून, ठोकून, त्यांस पाणी पाजून तीच हत्यारे करीत आले आहेत. कमानीचा पाटा हा पात्यास उत्तमच. जुने ते सर्व चांगले आणि नवे ते सर्व टाकाऊ, असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

अडकित्ता ही वस्तू चाकूची चुलत बहीण म्हणावी अशी आहे. दोन दांडे एका खिळीवर जोडलेले. खालचा सपाट, वरच्यास पाते. कातरीत दोन पाती एकमेकांवरून सरकतात. अडकित्त्यात एकच पाते सुपारीवर उतरते, आणि दांडा लांब असल्यामुळे हाताचे बळ अनेक पटींनी वाढते. व्याकरण शिकलेल्या आमच्या वाचकांस तृतीया तत्पुरुषाचे ‘शंकुलाखंड’ हे उदाहरण स्मरत असेल. शंकुलेचा अर्थ कोशात लहान सुरी किंवा कातरी असा दिलेला आहे, आणि शास्त्रीमंडळी तो शिकविताना ‘अडकित्त्याने केलेला तुकडा’ असेच सांगत. बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लासा’त राजाच्या भोगांमध्ये तांबूलभोगास स्वतंत्र स्थान दिलेले आहे. भांडारकर संस्थेतील परशुराम कृष्ण गोडे यांनी तांबूलाच्या इतिहासावर अनेक निबंध लिहिले, तेव्हा एका विड्यात केवढा इतिहास गुंडाळलेला आहे हे मराठी वाचकांस प्रथम नीट कळले.

परंतु आम्हांस विशेष मौज वाटते ती ‘अडकित्ता’ या शब्दाची. कन्नडात सुपारीस ‘अडिके’ आणि कातरीस ‘कत्तरी’ म्हणतात. या दोहोंच्या जोडातून ‘अडकत्तरी’ झाली आणि तीच मराठीत अडकित्ता होऊन बसली. तेलुगूत तिलाच ‘अडकत्तेर’ म्हणतात. इतकेच नव्हे, तर मलबारात सुपारीस ‘अडक्क’ म्हणतात, तो शब्द पोर्तुगीजांनी उचलला आणि त्याचे ‘अरेका’ केले. वनस्पतिशास्त्राने पोफळीस दिलेले नाव ते हेच. बेल्याच्या काळ्या जमिनीत पोफळ होत नाही. सुपारी तेथे जाते ती कोकणातून, गोव्यातून, कारवार-कानड्यातून, म्हणजे आमच्या बहुसंख्य वाचकांच्या अंगणातून. जेथून सुपारी आली तेथूनच ती फोडण्याच्या साधनाचे नावही तिच्या गोणीत बसून आले, असे मानावयास जागा आहे. पैनगंगेकाठच्या मराठी म्हातारीने अडकित्ता मागितला काय आणि तिच्या तेलुगू शेजारणीने अडकत्तेर मागितली काय, मागणी एकच. तेलुगूत ‘अडकत्तेरीत सापडलेली सुपारी’ अशी म्हण आहे. ती कोणत्याही सीमेवरच्या गावास लागू पडेल; बेल्यासाठी तिचे भाषांतरही करावे लागत नाही.

ही लहान पाती केवळ कापण्यासाठी नव्हती, हेही येथे सांगितले पाहिजे. हळद लागलेल्या नवरदेवाने लोखंड हातावेगळे करू नये, अशी चाल अनेक जातींत आहे. कोणाकडे टोकास लिंबू खोचलेली कट्यार असते, कोणाकडे सुरी, आणि ज्याच्या घरी शस्त्र नाही त्याच्या हाती अडकित्ता. बाळंतिणीच्या उशाशी विळा किंवा सुरी ठेवतात ती याच समजुतीने. हा भोळेपणा म्हणून कोणी हसेल. आम्ही एवढेच म्हणतो की, ज्या समाजात तलवार मूठभरांच्या घरी होती, त्या समाजात लोखंडाचा आधार प्रत्येकास मिळावा अशी सोय या चालीने केली होती.

आता संग्रहाविषयी. हैदराबादेस सालारजंग संग्रहालय आहे. ते १९५१ साली पंडित नेहरूंच्या हस्ते उघडले गेले. तिसरे सालारजंग मीर युसूफ अली खान यांनी जमविलेल्या वस्तूंत जहांगीराची कट्यार आणि नूरजहानची फळे कापण्याची सुरी आहे. लोक ती पाहण्यास गर्दी करतात. त्याच जहांगीराने १६२१ साली जालंधरजवळ आकाशातून पडलेल्या लोखंडाच्या तलवारी, कट्यार आणि सुरी करविली होती. ती सुरी आज वॉशिंग्टन येथील फ्रीअर संग्रहात आहे. बादशहाची सुरी असेल तर ती लहान असूनही जपली जाते. प्रश्न बाकीच्यांच्या सुऱ्यांचा आहे.

त्याचे उत्तर पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकर यांनी दिले. केळकर १८९६ साली जन्मले आणि १९९० साली निवर्तले. ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविता लिहीत. चष्म्यांचा धंदा हे त्यांच्या चरितार्थाचे साधन. १९२० च्या सुमारास त्यांना हा नाद लागला, आणि पुढे त्याचे व्रत झाले. दिवे, वाद्ये, वाड्यांचे दरवाजे, वज्र्या, गंजिफा आणि अडकित्ते! ज्या वस्तू घरातील माणसे अडगळ म्हणून टाकून देत, त्या ते गावोगाव फिरून आणीत. पत्नी कमलाबाई या कामात त्यांच्या बरोबरीने राबल्या. अल्पवयात गेलेल्या राजा या मुलाचे नाव त्यांनी संग्रहास दिले आणि तो सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. आज त्यात वीस हजारांवर वस्तू आहेत. तेथील अडकित्ते पाहताना माणूस थबकतो : मोर, पोपट, घोडा, स्त्री-पुरुषांची जोडी. पितळेच्या अंगात पोलादाचे पाते बसविलेले, आणि तेवढ्या वीतभर जागेत कारागिराने सगळा जीव ओतलेला. अडकित्त्यांचे वेड परदेशीही पोहोचले. सॅम्युअल आयलेनबर्ग या थोर गणितज्ञाने हिंदुस्थान व आग्नेय आशियातील अडकित्ते जमविले होते, आणि त्यांवर हेन्री ब्राउनरिग यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

येथे आमची एक तक्रार आहे, आणि ती संग्राहकांच्या नजरेविषयी आहे. ती मोराकडे जाते. जे नुसते लोखंडी आहे, ज्यावर वेलबुट्टी नाही, ज्याची खिळी दोनदा बदललेली आहे, ते पाते कोणी उचलीत नाही. पितळी अडकित्ता जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडे जातो. लोखंडी अडकित्ता किलोच्या भावाने भंगारात. बेल्यासारख्या गावांत बहुतेक घरी असे तो हा दुसराच. तो वितळला म्हणजे त्या घरी सुपारी कोण फोडीत असे, पाते कोणत्या घिसाड्याने बसविले, हेही त्याच्याबरोबर जाते.

चाकूची गत आणखी वाईट. घडीचा चाकू एके काळी शेतकऱ्याचा, धनगराचा, माळ्याचा सोबती होता. पुढे रामपूरचा लांब पात्याचा चाकू चित्रपटांतील गुंडाच्या हाती गेला, आणि चाकू बाळगणारा तो दांडगाच असे शहाण्या लोकांस वाटू लागले. त्याच रामपुरात २०२३ साली चौकात सुमारे वीस फुटांचा चाकू उभारण्यात आला. ज्या वस्तूचे सारे मोल तिच्या लहानपणात, तिचा हा खांब पाहून आम्हांस हसू आले. कायदा लोकांपेक्षा समंजस निघाला. १९६२ च्या शस्त्रनियमांनी नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांना शस्त्रांत गणले, आणि घरकामाची व शेतीची हत्यारे त्यांतून वगळली.

अडकित्ता मात्र बदनाम न होता नाहीसा होत आहे. सुपारी आता कातरलेली, पुडीत भरलेली मिळते. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००४ साली सुपारीस कर्करोगकारक ठरविले; तेव्हा ती खाण्याची सवय गेली तर आम्हांस दुःख नाही. पण गेली ती सवय नव्हे. पुडी आल्यावर सुपारी अधिक खाल्ली जाऊ लागली, लहान मुलेही खाऊ लागली, आणि ती फोडावयास, कातरावयास जो वेळ लागे, बोलता बोलता जे चार खंड हाती येत, तेवढा संयम मात्र गेला.

म्हणून ज्यांच्या घरी, फडताळात किंवा जुन्या चंचीत असे पाते पडलेले असेल, त्यांस आमची विनंती आहे की ते संग्रहालयास द्या, देवस्थानास द्या किंवा घरीच ठेवा; परंतु त्यास एक चिठ्ठी बांधा. गावाचे नाव, ते कोणी वापरले, कोठून घेतले, खिळी कधी बदलली, कोणाच्या लग्नात ते नवरदेवाच्या हाती होते, आणि घरात त्यास काय म्हणत. बेल्याच्या चिठ्ठीवर या शेवटच्या ओळीत मराठी आणि तेलुगू अशी दोन्ही नावे लिहावी लागतील.