धावत्या गाडीचे चित्र

‘फोटो कधी खोटं बोलत नाही’ असे आपण सहज म्हणून जातो. गावच्या तंट्यातही कोणी फोटो पुढे केला की बाकीच्यांचे बोलणे खुंटते. पण धावत्या वस्तूच्या छायाचित्राचा इतिहास पाहिला, म्हणजे या म्हणण्याला थोडी मुरड घालावी लागते.

१८३८ साली डागेर याने पॅरिसच्या एका हमरस्त्याचे चित्र घेतले. रस्त्यावर वर्दळ होती. चित्रात मात्र रस्ता ओस! कारण त्या काळी चित्र उमटायला काही मिनिटे लागत. जे हलले ते पुसले गेले. बूट पुसून घ्यायला थांबलेला एक माणूस तेवढा उरला.

पुढे ४० वर्षांनी, जून १८७८ मध्ये, अमेरिकेत मायब्रिजने घोड्याच्या वाटेवर १२ कॅमेरे ओळीने मांडले. चित्रकार आजवर घोड्याचे पाय पुढेमागे ताणलेले काढीत. चित्रांत निराळेच दिसले: चारही पाय अधांतरी असतात खरे, पण ते पोटाखाली गोळा झालेले असताना! इथे डोळा चुकला होता, कॅमेरा बरोबर होता. याच वाटेने चलच्चित्र आले, आणि १८९९ साली आपल्या सावेदादा भाटवडेकरांनी मुंबईत हँगिंग गार्डनमधली कुस्ती त्यात टिपली.

मग शर्यतीच्या मोटारी आल्या. हिशेब करून बघा. मुरुडहून लातूरकडे ताशी ७२ किलोमीटर वेगाने निघालेली मोटार सेकंदाला २० मीटर जाते. कॅमेऱ्याची झडप सेकंदाचा शंभरावा भाग उघडी राहिली, तरी तेवढ्यात मोटार २० सेंटिमीटर सरकते. मोटार समोरून येत असेल तर हे सरकणे फारसे जाणवत नाही. आडवी गेली की चित्र फरफटते. म्हणून शर्यतीचे छायाचित्रकार कॅमेरा मोटारीबरोबर फिरवतात. मोटार स्पष्ट येते, मागची झाडे पुसट होतात, आणि त्या पुसटपणातूनच वेग कळतो.

१९१३ च्या सुमारास फ्रान्समध्ये लार्तिग नावाच्या तरुणाने असाच कॅमेरा फिरवला. त्याच्या कॅमेऱ्यात एक फट काचेवरून सरकत जाई. चाकाचा खालचा भाग आधी उमटला, वरचा मागाहून. तेवढ्यात मोटार पुढे गेली. चाक लंबगोल होऊन पुढे झुकले आणि प्रेक्षक उलट्या बाजूला कलले! १९६३ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्याच्या चित्रांचे प्रदर्शन भरले, तेव्हा जगाचे लक्ष त्याच्याकडे गेले. चाक वाकडे नव्हते. पण वेग मात्र खरा होता.

ही गोष्ट जुनी झालेली नाही. आजचा मोबाइलही बहुधा चित्र ओळीओळीने वाचतो. धावत्या एस.टी.च्या खिडकीतून जवळचा विजेचा खांब टिपून बघा, तो कललेला दिसेल. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी दिल्यापासून बैलगाड्यांच्या शर्यती पुन्हा भरू लागल्या आहेत. तिथे शेकडो मोबाइल वर होतात. निकालाचा वाद निघाला की तेच फोटो पुरावा म्हणून फिरतात.

तेव्हा गुरुजनहो, मुलांना हा खांबाचा प्रयोग जरूर करू द्या. कोणताही फोटो समोर आला की तीन प्रश्न विचारायला शिकवा: कुठून काढला? किती वेळात काढला? कॅमेरा स्थिर होता की फिरत होता? फोटो साक्षीदार आहे. आणि साक्षीदाराची उलटतपासणी केल्याशिवाय न्याय होत नसतो.