काळा दाणा, पांढरी रेघ

रेडिओवरच्या आमच्या गप्पांत आज चुलीवर एक पातेलं चढवलंय. त्यात वाल शिजतोय. पण आमटी नाही आणि बिरडंही नाही. आज आपण आफ्रिकेतल्या केनिया देशातल्या बायका करतात तसा दाट रस्सा करणार आहोत. तो शिजेपर्यंत या दाण्याची गोष्ट ऐका. ती गोष्ट बायकांचीच आहे.

तुमच्या घरात वाल असेल तर चार दाणे हातावर घ्या. प्रत्येक दाण्याच्या कडेला एक उठून दिसणारी पांढरी रेघ आहे. कोणी तिला वालाचं नाक म्हणतं, कोणी डोळा. केनियातला वाल काळाभोर असतो, त्यामुळे ही रेघ त्याच्यावर फारच खुलून दिसते. तिथले किकुयू लोक त्याला 'न्जाही' म्हणतात. नाव वेगळं, पण जात तीच. आपल्या बांधावरचा वाल, परसातला पावटा आणि त्यांची न्जाही ही एकाच वेलाची लेकरं आहेत. या वेलाचं मूळ रानटी रूप आफ्रिकेत सापडतं. आपल्याकडे तो आला त्यालाही युगं लोटली. दक्षिण भारतात जमिनीखाली सापडलेले त्याचे जळके दाणे सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे आहेत. म्हणजे आपण ज्याला अस्सल गावठी म्हणतो, त्याचं माहेर समुद्रापलीकडचं आहे.

किकुयू लोक राहतात ते केनियाच्या मधल्या डोंगराळ, सुपीक भागात. तिथे वर्षातून दोनदा पाऊस पडतो. मार्च ते मे या मोठ्या पावसाच्या हंगामाला ते न्जाहीचाच हंगाम म्हणत. त्यांच्या एका पवित्र डोंगराच्या नावातही न्जाही आहे. ज्या दाण्याचं नाव पावसाला आणि डोंगराला मिळतं, त्याचा मान केवढा असेल, तुम्हीच सांगा.

हा मान बायकांच्या हातात होता. शेतातली कामं वाटलेली असत. ऊस, केळी, कंद ही पुरुषांची पिकं, तर कडधान्य बायकांचं. प्रत्येक लग्न झालेल्या बाईची स्वतःची झोपडी आणि स्वतःची धान्याची कणगी असे. कणगीतलं काय शिजवायचं, काय विकायचं, बियाणं म्हणून काय राखायचं, हे तीच ठरवी. बाळंतिणीसाठी न्जाही राखून ठेवत. शिजवून, पिकलेल्या केळ्यासोबत घोटून तिला खाऊ घालत, म्हणजे अंगात ताकद येते आणि दूध भरपूर येतं. आपल्याकडे बाळंतिणीला अळीव आणि डिंकाचे लाडू देतात, तसंच हे.

मग तिथे इंग्रजांचं राज्य आलं. १८९५ साली त्यांनी तो मुलूख ताब्यात घेतला आणि पुढच्या वर्षी समुद्रापासून आत जाणारी आगगाडी बांधायला काढली. त्या कामावर हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर नेले होते. आगगाडीमागून गोरे शेतकरी आले आणि किकुयूंच्या पुष्कळ चांगल्या जमिनी त्यांच्याकडे गेल्या.

जमीन कमी झाली, तशी पिकंही बदलू लागली. सरकारला परदेशी बाजारात खपेल असं कडधान्य हवं होतं. काळ्या न्जाहीला तिकडे कोण विचारणार? म्हणून राजम्याच्या जातीच्या घेवड्याचा पुरस्कार झाला. हा घेवडा मूळ अमेरिका खंडातला. त्याच्या 'कॅनेडियन वंडर', 'रोझकोको' अशा नावांच्या जाती केनियात पसरल्या. आपण खरं ते बोलू. या घेवड्यात बायकांचीही सोय होती. तो तीन महिन्यांत हाती येतो आणि बाजारात लगेच खपतो. न्जाहीचा वेल मात्र जास्त दिवस शेत अडवून बसतो. जिच्याकडे जमीन थोडी आणि डोक्यावर कराचा बोजा, ती लवकर येणारंच पीक घेणार. तिला नावं ठेवून कसं चालेल?

पण पुढे तर निवड करायलाही जागा उरली नाही. १९५२ साली जमिनीसाठी किकुयूंचा उठाव पेटला आणि सरकारने आणीबाणी लावली. हजारो पुरुषांना छावण्यांत डांबलं. १९५४ पासून दहा लाखांहून जास्त लोकांना घरांतून उठवून, तारेचं कुंपण घातलेल्या नव्या वस्त्यांत कोंबलं. बायकांना वेठीला धरून जंगलाच्या कडेने मोठे खंदक खणून घेतले. दिवसभर खणायचं आणि संचारबंदी लागायच्या आत वस्तीत परतायचं. शेताला मिळायचे जेमतेम काही तास. अशा वेळी सावकाश वाढणाऱ्या आणि सावकाश शिजणाऱ्या दाण्याकडे कोण बघणार? केनिया १९६३ साली स्वतंत्र झाला, पण तोवर बायकांच्या शेतातला न्जाहीचा जुना मान पुष्कळ ओसरला होता.

तरी तो दाणा संपला नाही. बाळंतिणीच्या ताटात आणि समारंभाच्या जेवणात बायकांनी तो टिकवून धरला. आज नैरोबीच्या बाजारात काळी न्जाही मिळते. लोक ती कशासोबत खातात, माहीत आहे? चपातीसोबत! तिथेही तिला चपातीच म्हणतात, आणि वरून भुरभुरतात त्या कोथिंबिरीला 'दानिया', म्हणजे आपला धनियाच. हिंदुस्थानातून तिकडे गेलेल्या माणसांची ही खूण.

आता पातेल्याकडे वळू. पाव किलो सुके गोडे वाल किंवा पावटा रात्रभर भिजवा. कडवे वाल नकोत, कारण हा रस्सा सालासकट करायचा आहे. सकाळी ते पाणी टाका, नव्या पाण्यात दाणे दहा मिनिटं खळखळून उकळा आणि तेही पाणी ओतून द्या. त्यातच वालाचा उग्रपणा जातो. मग ताजं पाणी घालून कुकरला चार-पाच शिट्ट्या करा. दाणा बोटाने सहज दबला पाहिजे. पातेल्यात दोन चमचे तेलावर दोन कांदे लाल होऊ द्या. चार-पाच लसूण पाकळ्या ठेचून टाका. मग तीन टोमॅटो चिरून घाला आणि गळेपर्यंत परता. दोन गाजरं आणि दोन बटाटे फोडी करून घाला. शिजलेले वाल त्यांच्या पाण्यासकट ओता, मीठ घाला आणि झाकण ठेवून फोडी मऊ होऊ द्या. शेवटी एक डावभर दाणे पातेल्यातच ठेचा, म्हणजे रस्सा आपोआप दाट होतो. वरून भरपूर कोथिंबीर.

मिरची नाही, गोडा मसाला नाही, हे ऐकून आमच्या गटात कुजबुज झालीच. पण चाखल्यावर पातेलं रिकामं व्हायला वेळ लागला नाही. एक आजी म्हणाल्या, "वालाला स्वतःची चव असते, हे मसाल्याच्या नादात विसरलोच होतो." पाच-सहा जणींना चपाती किंवा भाकरीबरोबर हा रस्सा पोटभर होतो.

जेवताना आम्ही एकमेकींना विचारलं, आपल्यापैकी किती जणींकडे घरचं वालाचं बी आहे? हात फार थोडे वर झाले. पूर्वी बांधावर, कुंपणावर वाल असायचाच. आपल्यावर कोणी खंदक खणायची सक्ती केली नव्हती. तरीही बी गेलं. दुकानातली पुडी सोपी वाटली, बांध तणनाशकाने साफ झाले आणि सासूबाईंची बियाण्याची गाडगी माळ्यावर तशीच राहिली.

पण उलटही घडू शकतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी घरात गावरान बियाण्यांची बँक उभी केली. त्यात वालाचे कितीतरी प्रकार आहेत. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. केनियात वांगारी माथाई यांनी १९७७ साली गावोगावच्या बायकांना घेऊन झाडं लावायचं काम सुरू केलं. त्यांना २००४ साली शांततेचं नोबेल पारितोषिक मिळालं. दोघींचीही ताकद आपल्यासारखेच बायकांचे गट, हे लक्षात ठेवा.

म्हणून आज एवढंच करा. रस्सा करण्याआधी वालातले वीस चांगले, भरलेले दाणे बाजूला काढा. राखेत घोळवून डब्यात ठेवा आणि पाऊस पडला की बांधावर टोचा. पुढच्या वर्षी गटाच्या बैठकीला येताना त्यातली मूठभर शेजारणीसाठी आणा. आमच्या गटाने आपले वीस दाणे कालच डब्यात ठेवलेत.