दूरस्थ यंत्रांची देखरेख आणि प्रोटोकॉलची निवड

बुलढाणा जिल्ह्याचे १३ तालुके एकाच सपाटीवर नाहीत. उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद व संग्रामपूर, मध्ये पूर्णेचे खोरे, दक्षिणेस घाटमाथ्यावर चिखली, मेहकर व लोणार अशी त्यांची मांडणी आहे. अशा प्रदेशात एखाद्या ग्रामपंचायतीचे इंटरनेट-यंत्र बंद पडले, तर ते वीज गेल्यामुळे की फायबर तुटल्यामुळे, हे तालुक्याच्या ठिकाणी बसून कसे ओळखावयाचे? ह्याचे उत्तर यंत्रांनी परस्परांशी बोलण्याच्या ठरविलेल्या नियमांवर, म्हणजे प्रोटोकॉलवर, अवलंबून असते. ह्या नियमांच्या निवडीचा इतिहास उद्बोधक आहे.

मार्च १९८८ मध्ये इंटरनेटच्या नियामक मंडळापुढे तीन प्रस्ताव होते. त्यांपैकी एचईएमएस हा त्याच्या कर्त्यांनीच मागे घेतला. उरलेल्या दोहोंपैकी सीएमआयपी हा व्यापक व आंतरराष्ट्रीय मानकांना अनुसरणारा होता; एसएनएमपी हा १९८७ च्या एका साध्या प्रोटोकॉलवरून तयार झालेला होता. मंडळाने एसएनएमपी तूर्त वापरावा आणि पुढे सीएमआयपीकडे वळावे, असे ठरविले. प्रत्यक्षात तात्पुरता मानलेलाच टिकला. लहान यंत्राकडून त्याची अपेक्षा माफक होती: विचारलेले मोजमाप सांगणे, सांगितलेले मूल्य बदलणे आणि संकटाची सूचना धाडणे.

ह्या साधेपणाची किंमतही द्यावी लागली. आरंभीच्या आवृत्तीत परवलीचा शब्द उघडाच प्रवास करी, आणि पाठविलेली सूचना पोचल्याची पोच मिळत नसे. सुरक्षिततेची पक्की तजवीज २००२ च्या तिसऱ्या आवृत्तीत मानक ठरली. त्याच वर्षी जूनमध्ये भरलेल्या कार्यसभेत असे निष्पन्न झाले, की जाळी चालविणारे एसएनएमपीचा उपयोग मुख्यतः देखरेखीसाठी करतात, यंत्रांची मांडणी बदलण्यासाठी मात्र आज्ञा टंकलिखित करतात. त्या उणिवेतून डिसेंबर २००६ मध्ये नेटकॉन्फ हे मानक प्रसिद्ध झाले.

भारतात ग्रामपंचायती फायबरने जोडण्याच्या योजनेस ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी मिळाली. पुढे तीच भारतनेट ह्या नावाने ओळखली गेली. तिच्या पहिल्या टप्प्यातील रचनेत तालुक्याचे मुख्य यंत्र आणि गावातील छोटे यंत्र ह्यांच्यामध्ये विजेवाचून चालणारे विभाजक असतात. येथे गावच्या यंत्राशी मुख्य यंत्र ओएमसीआय ह्या निराळ्या प्रोटोकॉलने बोलते, आणि मुख्य यंत्राची वरची देखरेख सामान्यतः एसएनएमपीने होते. गावची वीज गेल्यास, तशी सोय असलेले यंत्र उरलेल्या क्षणिक ऊर्जेवर एक अखेरची सूचना पाठविते. फायबर तुटल्यास ती सूचना येत नाही. त्यामुळे सूचना आली तर विजेची वाट पाहावी, न आली तर फायबर जोडणाऱ्याला घाटाच्या वाटेला लावावे, असा निर्णय बहुतांशी करता येतो.

१९८८ च्या निवडीपासून गावच्या यंत्रापर्यंतच्या ह्या वाटचालीवरून प्रोटोकॉलची योग्यता ठरविण्याची एक कसोटी हाती लागते. त्याची व्याप्ती किती मोठी, ह्यापेक्षा जाळ्याच्या टोकावरील दुबळ्या यंत्राला अडचणीच्या क्षणी त्यातून काय सांगता येते, हे पाहणे अधिक महत्त्वाचे होय.