काळी नसलेली काळी बुरशी

मे २०२१. मी पुण्यात घरात बसून कोड बडवत होतो. टेंभुर्णीहून (जालन्याची हो, सोलापूरची नव्हे!) काकांचा फोन आला. "करोनातून उठलो रं, पण गाल बधिर झालाय, डोळा सुजलाय. काळं मात्र काहीच नाही, म्हणजे ती बुरशी नसंल ना?"

तर मंडळी, सगळी गोची त्या नावातच आहे! म्युकरमायकोसिसची बुरशी मुळात काळी नसतेच. शिळ्या पावावर, शेणखतात, मातीत असते तीच ही. नाकातून सायनसमध्ये शिरते, तिथून डोळ्यामागे आणि मग मेंदूत. वाटेत रक्तवाहिन्या बुजवते. रक्त न मिळालेला भाग मरतो आणि तो काळा पडतो. म्हणजे काळं दिसायची वाट बघणारा उशीरच करतो.

आजार नवा नाही. १८८५ साली ऑस्ट्रियाच्या पाल्टाउफने माणसातला रुग्ण नोंदवला. १९४३ साली अमेरिकेत मधुमेह हाताबाहेर गेलेल्या तीन रुग्णांमध्ये ही बुरशी मेंदूपर्यंत पोचल्याची नोंद झाली. तेव्हा औषधच नव्हतं. अँफोटेरिसिन-बी आलं १९५०च्या दशकात, तेही व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतल्या जिवाणूपासून. रोग मातीतला, उताराही मातीतलाच!

मग २०२१ मध्येच एवढा भडका का? आपल्याकडे मधुमेह घरोघरी, त्यात करोना, त्यावर स्टेरॉइड. जून २०२०च्या ब्रिटिश चाचणीत ऑक्सिजन लागणाऱ्यांचे प्राण स्टेरॉइडने वाचले होते. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना मात्र फायदा दिसला नाही. आपल्याकडे ते अशांनाही सर्रास दिलं गेलं. साखर वाढली, प्रतिकार घटला, बुरशीचं फावलं.

२० मे २०२१ला केंद्राने राज्यांना सांगितलं, रुग्णांची नोंद सक्तीची करा. कायदा कुठला? १८९७चा, मुंबईच्या प्लेगसाठी केलेला! जुलैपर्यंत देशात ४५ हजारांवर रुग्ण झाले, सर्वाधिक आपल्या महाराष्ट्रात. इंजेक्शनांचा तुटवडा इतका, की वर्ध्यातही ती बनवायला घेतली गेली.

काकांना त्याच रात्री औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) हलवलं. ऑपरेशन झालं, डोळा गेला, काका राहिले. आता चष्मा पुसताना म्हणतात, "एकच काच पुसायची, काम निम्मं!"

असो. तुमच्या घरात कुणी मधुमेही असेल आणि आजारपणानंतर गाल बधिर झाला, एका बाजूचं नाक चोंदलं किंवा डोळा सुजला, तर काळ्या डागाची वाट बघू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.