बेडूकमाशाचे पहिले मूत्रपिंड

सोलापुरात चांगला पाऊस झाला, की डबक्यांत बेडूकमासे दिसू लागतात. त्यांच्या अंगातल्यापेक्षा भोवतालच्या पाण्यात क्षार कमी असतात, म्हणून पाणी सतत आत शिरते. मग ते फुगून मरत का नाहीत?

१९२१ मध्ये रूथ हाउलंड यांनी सॅलॅमँडरच्या डिंभातील दोन्ही आद्य मूत्रपिंडे काढली. डिंभ पाण्याने फुगले व मेले. जादा पाणी कोण बाहेर टाकते हे कळले. पण त्याबरोबर क्षार वाहून का जात नाहीत?

१९५७ मध्ये डेन्मार्कच्या येन्स स्कौ यांना खेकड्याच्या चेतातंतूंत सोडियम-पोटॅशियम पंपाचे विकर सापडले. हा पंप तीन सोडियम आयन पेशीबाहेर काढतो, दोन पोटॅशियम आयन आत घेतो. मूत्रनलिका याच जोरावर क्षार परत मिळवते. पंपाचे मुख्य काम अल्फा उपघटक करतो. बीटा त्याला पेशीपटलापर्यंत पोचवतो.

२००१ मध्ये ईद व ब्रँडली यांनी झेनोपस बेडकाच्या भ्रूणात या उपघटकांची जनुके कोठे कार्यरत होतात ते पाहिले. अल्फा-१, बीटा-१ आणि गॅमा यांची जनुके घडत्या आद्य मूत्रपिंडात कार्यरत आढळली.

वर्गात मूत्रपिंडाची आकृती काढताना हेही सांगावे : बेडकाचे हे पहिले मूत्रपिंड तात्पुरतेच असते. पण ते नसेल, तर दुसरे तयार होण्याची वेळच येत नाही.