कॅन्सरचे उपचार सुरू होण्याआधी दात का दाखवावेत?

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनकडचे अनेक कॅन्सर रुग्ण उपचारांसाठी परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात किंवा खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये जातात. प्रवास, तपासण्या आणि खर्चाच्या गडबडीत दातांकडे लक्ष जात नाही. पुढे हेच महागात पडू शकतं.

आधी दात का?
तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरमध्ये साधारणपणे आठवड्यातून 5 दिवस, असं 6 ते 7 आठवडे रेडिएशन दिलं जातं. त्यामुळे जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो. नंतर दाढ काढली तर जखम भरत नाही आणि हाड कुजू शकतं. हा धोका अनेक वर्षांनंतरही राहतो. म्हणून किडलेले, हलणारे दात आधीच काढतात आणि जखम भरायला साधारण 2 ते 3 आठवडे देतात.

उपचारांदरम्यान काय होतं?
किमो किंवा रेडिएशनमुळे तोंड येतं, गिळताना दुखतं. लाळ कमी झाल्याने दात लवकर किडतात. किमोमध्ये पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी होतात, त्यामुळे साधा हिरडीचा संसर्गही गंभीर होऊ शकतो.

घरी काय करावं?
• अगदी मऊ ब्रशने दिवसातून दोनदा, फ्लोराइड असलेल्या पेस्टने दात घासा.
• कपभर कोमट पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा आणि चिमूटभर मीठ घालून दिवसातून अनेकदा चुळा भरा. मग साध्या पाण्याने तोंड धुवा.
• अल्कोहोल असलेला माउथवॉश टाळा.
• कवळी रात्री काढून ठेवा. ती टोचत असेल तर वापरू नका.
• मऊ भात, पेज, खिचडी, काटे नीट काढलेला मासा खा. तोंड आलेलं असताना तिखट कालवण, सुकट आणि आंबट सोलकढी नको.
• जबडा आखडू नये म्हणून डॉक्टरांनी शिकवलेले तोंड उघडण्याचे व्यायाम रोज करा.
• मशेरी, तंबाखू, गुटखा, दारू पूर्ण बंद.

डॉक्टरांना लगेच कधी सांगावं?
100.4 अंश फॅरनहाइट किंवा जास्त ताप, हिरडीतून न थांबणारं रक्त, तोंडात पांढरे चट्टे, पाणीही गिळता न येणं, यांपैकी काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. गावातून मुंबई गाठायला वेळ लागतो, म्हणून रुग्णालयाचा फोन नंबर जवळ ठेवा.

गावातल्या डेंटिस्टला काय सांगावं?
उपचार सुरू असताना कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय दात काढू नका किंवा साफ करून घेऊ नका. उपचार संपल्यावरही, कितीही वर्षं झाली तरी, रेडिएशन घेतल्याचं सांगा आणि फाइल दाखवा. हाडांसाठी झोलेड्रोनिक अ‍ॅसिडसारखं इंजेक्शन घेतलं असेल तर तेही सांगा, कारण त्यानेही जबड्याचं हाड खराब होऊ शकतं.