तुमच्या स्लॅबचा हिशोब कुणाच्या मालकीचा?

बीडला नगर रोड घ्या नाहीतर जालना रोड, तीन-चार मजली इमारती धडाधड उभ्या राहतायत. कॉलममध्ये सळई किती एमएमची, किती नग, रिंगा किती अंतरावर, हे मिस्त्री ठरवत नाही (निदान ठरवू तरी नये). ते ठरतं इंजिनिअरच्या कॉम्प्युटरवर. त्या कॉम्प्युटरवर बऱ्याचदा एकच नाव दिसतं, स्टॅड प्रो. आपल्या डोक्यावरच्या छताचा हिशोब करणारं हे सॉफ्टवेअर आलं कुठून, आज ते कुणाचं, यावर आपल्याकडं कुणी बोलत नाही. म्हणून आज पोस्ट जरा लांबणार.

आधी हे गणित हातानं व्हायचं. १९३० साली हार्डी क्रॉस या अमेरिकन प्राध्यापकानं मोमेंट डिस्ट्रिब्युशनची रीत छापली, ती पुढं अनेक पिढ्या पुरली. आपल्याकडं कॉलमसाठी १९८० चं 'एसपी १६' होतं. सरकारी मानक संस्थेचं आलेखांचं पुस्तक. रिटायर झालेल्या एखाद्या डेप्युटी इंजिनिअरच्या कपाटात अजून सापडेल.

मग कॉम्प्युटर आला, आणि पहिला मोठा पैसा घातला सरकारनं. नासानं रॉकेटच्या सांगाड्यांसाठी 'नॅस्ट्रान' लिहून घेतलं आणि १९७१ च्या सुमारास ते बाहेरच्यांना खुलं केलं. कंपन्यांनी त्यावर आपापल्या आवृत्त्या काढल्या. १९९९ मध्ये त्यातल्या एमएससी या सगळ्यात मोठ्या कंपनीनं दोन स्पर्धकच विकत घेऊन टाकले! अमेरिकन सरकारनं मक्तेदारीची केस केली, आणि २००२ च्या तडजोडीत एमएससीला आपला कोड दुसऱ्यांना परवान्यानं द्यावा लागला. म्हणजे जनतेच्या पैशातून झालेल्या गोष्टीसाठी सरकारलाच भांडावं लागलं.

त्याच काळात बर्कले विद्यापीठात एडवर्ड विल्सन यांनी १९७० साली 'सॅप' काढलं. इंग्रजीत सॅप म्हणजे मठ्ठ माणूस. नाव मुद्दाम ठेवलेलं. प्रोग्रामला अक्कल नसते, उत्तराची जबाबदारी इंजिनिअरचीच, हे वापरणाऱ्याला आठवत राहावं म्हणून. मला हा माणूस फार आवडला.

आता आपलं स्टॅड. ते अमृत दास या भारतीय वंशाच्या इंजिनिअरच्या 'रिसर्च इंजिनिअर्स' या अमेरिकेतल्या कंपनीचं. कंपनी १९८१ ची, कामाचा मोठा भाग कोलकात्यात. जुन्या लोकांना 'स्टॅड थ्री' आठवत असेल. २००० साली डॉट-कॉमच्या लाटेत कंपनीनं नावच बदलून 'नेटगुरू' केलं. ती लाट ओसरली आणि २००५ मध्ये स्टॅडचा धंदा पेनसिल्व्हेनियाच्या बेंटली सिस्टिम्सनं घेतला. डोकं बरंचसं आपल्या लोकांचं, मालकी तिकडची. पुण्यातून प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. १९९६ च्या सॉफ्टटेक इंजिनिअर्सनं 'स्ट्रुड्स' हे इमारतींच्या डिझाइनचं सॉफ्टवेअर काढलं. पण त्यांचं नाव जास्त झालं ते महापालिकांत नकाशे तपासणाऱ्या 'ऑटोडीसीआर'मुळं.

याचा आपल्याशी काय संबंध? संबंध किंमतीचा आहे. अशी सॉफ्टवेअरं आता वर्षाच्या वर्गणीवर मिळतात, आणि ती वर्गणी तालुक्याच्या गावात एकट्यानं काम करणाऱ्या पोराला परवडत नाही. मग चालतं ते क्रॅक केलेलं. कुणी उघड बोलणार नाही, पण धंद्यातल्या सगळ्यांना माहितीय. कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ बी सांगतं, जाणूनबुजून असली प्रत वापरली तर सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड. पण मला केसपेक्षा दुसरी भीती वाटते.

३० सप्टेंबर १९९३ ला शेजारी किल्लारी हादरली, तेव्हा तो भाग नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या झोन एकमध्ये होता. पडली ती दगड-मातीची घरं, तिथं सॉफ्टवेअरचा प्रश्नच नव्हता. पण नकाशा चुकीचा होता हे कळलं, आणि २००२ च्या आयएस १८९३ मध्ये तो भाग झोन तीनमध्ये गेला. २०१६ ला हा नियम पुन्हा बदलला. आरसीसीला तडे जातात हे धरून बीमचा ताठपणा ३५ टक्के आणि कॉलमचा ७० टक्केच मोजा, असं त्यात आलं. अधिकृत प्रतीला असे बदल अपडेटमधून मिळतात. दहा-पंधरा वर्षांपूर्वी पेन ड्राइव्हवरून आलेली क्रॅक प्रत मात्र २००२ चंच गणित करत बसते. उत्तर येतं, प्रिंटही छान निघते, त्यावर सही-शिक्का पडतो.

रस्ते आहेत. इस्रोच्या तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई केंद्रानं स्वतःचं 'फीस्ट' बनवलंय, नासानं मूळ नॅस्ट्रानचा जुना कोड २०१५ मध्ये सगळ्यांना फुकट दिला. पण ही रॉकेट-विमानाच्या कामाची हत्यारं, अंबाजोगाई-परळीच्या बंगल्याला थेट लागू पडत नाहीत. आपला सरकारी बांधकाम विभाग एवढ्या इमारती बांधतो. आयएस कोडप्रमाणं चालणारं एक साधं डिझाइन सॉफ्टवेअर करून नोंदणीकृत इंजिनिअरांना फुकट द्यायला काय हरकत आहे? एसपी १६ ही सरकारी संस्थेनंच काढलं होतं की.

तोवर ज्यांचं बांधकाम चालू आहे त्यांनी इंजिनिअरला एवढंच विचारा: साहेब, डिझाइन १८९३ च्या कुठल्या सालच्या आवृत्तीनं केलंय? रिपोर्टमध्ये ते लिहिलेलं असतं.